आज जागा नाही

मे महिना अर्धा सरला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मेसेज यायला लागतो. "काजवे बघायला जायचंय, कुठं जाऊ आणि बुकिंग कुणाकडं करू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देते, भंडारदरा, अजून कुठं. दुसऱ्याला मात्र हल्ली उलटे प्रश्न विचारते. किती जण आहात, स्पीकर आणणार आहात का, शनिवारच पाहिजे का, मंगळवार-बुधवार नाही का जमणार, पनीरशिवाय जेवाल का. लोक वैतागतात. एक मैत्रीण म्हणाली, अगं तू काय स्थळ बघतेयस का? म्हणलं तसंच समज, कारण मी ज्या घरी लोकांना पाठवते ते घर माझ्यावर चिडलं तर माझंच जाणं बंद होईल.

तर ते घर. नेमकं कुठलं गाव ते सांगत नाही, कारण सांगितलं की पुढच्या शनिवारी तिथं चाळीस गाड्या उभ्या असतील. जलाशयाच्या कडेनं जो रस्ता शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा गोल फिरून येतो त्यावरचं एक समजा. माझी मैत्रीण राजूरकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायची, तिच्या वर्गातल्या एका पोराचं हे घर, त्या ओळखीनं पहिल्यांदा गेले आणि मग जातच राहिले. पोरगा आता मोठा झालाय, मिसरूड फुटलंय, आणि त्याचं नि त्याच्या बापाचं सध्या एका गोष्टीवरून वाजलंय, ते शेवटी सांगते.

हा सगळा भाग म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. १९८६ साली जाहीर झालं, साधारण ३६१ चौरस किलोमीटर. आपण अभयारण्य म्हणलं की डोळ्यासमोर गेट, जिप्सी, वाघ येतो, इथं तसलं काही नाही. इथं आत गावं आहेत, महादेव कोळी आणि ठाकर लोक अभयारण्य व्हायच्या कित्येक पिढ्या आधीपासून राहतायत, देवळं आहेत, भाताची खाचरं आहेत, शाळा आहे, एसटी येते (येते म्हणजे कधी कधी येते). आणि मधोमध धरणाचं पाणी. विल्सन डॅम, प्रवरा नदीवर, १९२६ साली पूर्ण झालं. पाणी गेलं खाली, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाला. ज्या सहकारी साखर कारखान्याचे धडे आपण शाळेत वाचले तो प्रवरानगरचा कारखाना याच प्रवरेच्या उसावर उभा राहिला. वर मात्र जमिनी बुडाल्या, आणि चार महिने धो धो पाऊस झेललेल्या वाड्यांमधल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन लांब जातात. हे मला पाठ करून सांगायची गरज नाही, मामा (घरमालक, मी मामा म्हणते) पाण्याकडं हात करून एवढंच म्हणतात, "आमच्या अंगनातलं, पन आमचं न्हाय."

पाण्यापाठोपाठ माणसंही खालीच जायची. भात निघालं की घरातली जाणती माणसं नारायणगावला. तिथं सकाळी मजुरांचा बाजार भरतो, शेतकरी येतो, चार जण निवडतो, टोमॅटोच्या नाहीतर द्राक्षाच्या बागेत घेऊन जातो. मामींनी लग्नानंतरची कित्येक वर्षं हेच केलं, पोरगं पाठीला बांधून. म्हणजे आत्तापर्यंत या घाटातून सगळं खाली वाहत गेलं, आणि अलीकडं पहिल्यांदाच काहीतरी उलटं, खालून वर यायला लागलं, ते म्हणजे आपण. टुरिस्ट.

काजव्याचं आधी बोलू, त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. काजवा म्हणजे माशी-बिशी नव्हे, भुंग्याच्या जातीतला किडा. त्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून जातं, पालापाचोळ्याखाली, ओल्या मातीत, गोगलगायी खात. पंख फुटून उडायला लागला की त्याच्याकडं फार तर दोन-तीन आठवडे असतात, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. नर चमकतो, खाली गवतात झुडपात बसलेली मादी उत्तर देते. पूर्ण संभाषण उजेडाचं. मेच्या शेवटी हवेत दमट कोंदटपणा आला, वळवाचे एक-दोन सडाके पडून गेले की सुरू होतं, आणि मृग नीट बरसायला लागला की संपतं.

एका सादड्याच्या झाडाखाली मी पहिल्यांदा ते नीट पाहिलं. आधी वाटलं काहीच नाही, पाच-सात ठिपके इकडं तिकडं. मामा म्हणले मोबाईल खिशात घाला आन गप बसा. दहाएक मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले आणि मग दिसलं की ठिपके इकडं तिकडं नाहीयेत, त्याला चाल आहे. खालच्या एका फांदीवर सुरू व्हायचं, तिथून शेंड्याकडं धावत जायचं, क्षणभर सगळं झाड एकदम पेटायचं, बुंध्यापासून टोकापर्यंत झाडाचा अख्खा आकार दिसायचा, आणि पुढच्या क्षणी गडप, काळं ठिक्कर. परत खालच्या फांदीवर. शेजारच्या जांभळीवर मात्र चार-दोन चुकार. मामांना विचारलं हाच सादडा का? म्हणले, "आमच्या म्हाताऱ्यानं बी ह्योच दावला व्हता, का ते त्यास्नी इचारा." हात वर काजव्यांकडं.

आता एवढ्या उजेडाच्या गप्पा चालू असताना तिथं एक स्कॉर्पिओ हेडलाईट लावून वळली तर काय होतं? पूर्ण फांदी विझते. मी बघितलंय. गाडी गेल्यावर परत सुरू व्हायला वेळ जातो, आणि लगेच दुसरी गाडी येते. ज्या किड्याकडं आयुष्यातल्या पंधरा रात्री आहेत त्यातल्या शनिवार-रविवारच्या चार रात्री आपण अशा खातो. दुसरं, गाड्या रस्त्यावर मावत नाहीत म्हणून गवतात घालतात, तिथंच त्याच्या माद्या बसलेल्या असतात आणि पुढच्या वर्षीच्या अळ्या तिथल्याच मातीत वाढायच्या असतात. म्हणजे बघायला आलेला माणूस जे बघायला आलाय त्याच्यावरच टायर घालतो. हे सांगितलं की लोकांना फार वाईट वाटतं आणि मग ते झाडाखाली फ्लॅश मारून फोटो काढतात. (फ्लॅशनं काजवा येतच नाही हो फोटोत. फक्त पानं येतात.)

तरी मी "पर्यटन बंद करा" गटातली नाही. तो गट पुण्या-नाशकात फार जोरात असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी काजवे बघून घेतलेले असतात.

कारण मामींच्या घरात तो पैसा कधी येतो ते बघा. मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा. राब (रोपांच्या जागेवर जाळायचा पालापाचोळा) भाजून झालेले असतात, धूळवाफेवर भात टाकायचं असतं, खत आणायचं असतं, पोरांच्या वह्या-दप्तरं-युनिफॉर्म, छपराची कौलं चाळायची, पावसाळ्याचं मीठ-मिरची-तेल भरून ठेवायचं, कारण एकदा झड लागली की पंधरा-पंधरा दिवस बाहेर पडायची सोय नाही. वर्षातला सगळ्यात कडकीचा महिना. पूर्वी याच महिन्यात सावकाराकडं नाहीतर मुकादमाकडं हात पसरायला लागायचा, उचल घेतली की दिवाळीनंतर फेडायला नारायणगाव ठरलेलं. नेमक्या त्याच वीस-बावीस दिवसांत काजवे येतात आणि त्यांच्या मागं रोख पैसे येतात. मामी म्हणतात, "काजव्यानी माजी उचल सोडवली." मी पर्यटनावरचे पुष्कळ रिपोर्ट वाचलेत, एवढं नेमकं वाक्य एकातही नाही.

पण पैसा आला म्हणजे राहिलाच असं नाही, आणि माझा पनीरवाला प्रश्न इथं येतो. सुरुवातीला मामी पाहुण्यांसाठी मुद्दाम पांढराशुभ्र कोलम विकत आणायच्या, आपला भात कसा द्यायचा शहरातल्या लोकांना म्हणून. आणि त्यांच्या कणगीत होता काळभात! अकोले तालुक्याचा जुना वाण, शिजायला लागला की वास ओसरीपर्यंत येतो. बीजमाता म्हणून ज्यांना पद्मश्री मिळाली त्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या, त्यांनी असे वाण जपले म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि इथं येऊन पनीर मसाला मागतो. पनीर येतं घोटीहून. बाटलीबंद पाणी घोटीहून, ब्रॉयलर घोटीहून, बार्बेक्यूचा कोळसासुद्धा घोटीहून (जंगलात राहून कोळसा विकत!). जेवणाचे अडीचशे घेतले तरी त्यातले दीडशे-पावणेदोनशे त्याच रात्री घाट उतरून परत जातात. तेच पाहुण्यानं नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, काळभात, तव्यावरचा ठेचा असं खाल्लं तर तेल-मीठ सोडून सगळं त्यांच्याच खाचरातलं नि परड्यातलं. मी एकदा चुलीसमोर बसून बघत होते, मामी परातीत नागलीचं उकड काढलेलं पीठ मळत होत्या, हाताला पाणी लावून गोळा थापला, भाकरी अशी फिरत फिरत मोठी होत गेली की मध्ये कुठं बोट टेकलेलं दिसेना, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, मग निखाऱ्यावर उभी केली, टम्म. शेजारी बसलेला पुण्याचा एक मुलगा म्हणाला काकू रील काढू का? मामी म्हणाल्या, "काड, पन खाऊन जा." त्यानं चार खाल्ल्या.

आता दुसरी बाजू. त्याच गावाच्या टोकाला पाण्यालगत एक टेंट साईट आहे, अशा आता या पट्ट्यात किती झाल्या मोजायची सोय राहिली नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहे तसं, त्यामुळं सातबाऱ्यावर नाव गावकऱ्याचंच राहतं. मग करतात काय, सीझनपुरती भाड्यानं घेतात (खरं तर भाडेपट्ट्यालाही परवानगी लागते). बुकिंग इन्स्टावर, पैसे ऑनलाइन, माणशी हजार-दीड हजार, त्यात टेंट, बोनफायर, म्युझिक, अनलिमिटेड बार्बेक्यू. जमिनीच्या मालकाला मिळतं भाडं, आणि त्याच्या पोराला रात्रभर पार्किंग सांभाळायचे रोजचे काही पैसे. मी त्या पोराशी बोलले. स्वतःच्या बापाच्या शेतात शिट्टी वाजवत उभा होता. त्याला विचारलं इथं काजवे दिसतात का रे? म्हणाला आधी बांधावरच्या उंबरावर असायचे, आता फोकस लावलाय तिथं, सेल्फी पॉइंट आहे ना.

त्या टेंटवाल्याला मी व्हिलन करणार नाही. तो नाशकातला साधा पोरगा, त्याचंही लोन आहे. गडबड त्याच्या धंद्याच्या बांधणीत आहे, त्याला शंभर टेंट भरायलाच लागतात, नव्वदवर थांबणं त्याला परवडत नाही.

आणि मामांना परवडतं. एका शनिवारी मी तिथं असताना अठरा जणांचा ग्रुप दारात येऊन उभा राहिला, गाडीत गाणी चालू, एकानं खिशातून नोटाच काढल्या, म्हणाला काका जागा करा कुठंही, अंगणात पडू, डबल देतो. मामा ओसरीवर उकिडवे बसलेले, उठले पण नाहीत. "आज जागा न्हाय." तो म्हणाला अहो एवढी जागा तर दिसतेय. मामा म्हणले, "दिसतीया, पन न्हाय." आत मामी चरफडत होत्या, अठरा माणसं म्हणजे गंमत नाही, एका रात्रीत युनिफॉर्म-वह्या सुटल्या असत्या. पण मामांचं म्हणणं आठच्या वर माणूस आलं की मला झाडाखाली आवरत नाही, बाईला चुलीसमोर आवरत नाही आणि संडास एकच आहे.

त्या रात्री मी डोक्यात हेच घोळवत बसले की यांना "न्हाय" म्हणता येतं ते कशाच्या जोरावर? काही फार मोठी तत्त्वं नाहीत. वर्षाला पुरेल एवढा भात कणगीत आहे, दोन म्हशी आहेत, आणि माळ्यावर हिरड्याची पोती आहेत. बाळहिरडा, म्हणजे कोवळा असतानाच गोळा करून वाळवलेला, औषधवाले घेतात, या डोंगरातल्या घरांचा तो जुना रोख पैसा. म्हणजे पाहुणे हा चौथा पैसा आहे, पहिला नाही. ज्या घरात तो चौथा आहे ते घर पाहुण्याला नियम सांगू शकतं, टॉर्चला लाल जिलेटीन लावा, गाडी शाळेपाशी ठेवून चालत या, दारू नको. ज्या घरात तो पहिला झाला ते घर पाहुणा म्हणेल ते करतं, आणि मग उंबरावर फोकस लागतो. मला वाटतं शाश्वत पर्यटन वगैरे जे शब्द आपण सेमिनारमध्ये वापरतो त्याची खरी परीक्षा एवढीच आहे, गाव नाही म्हणू शकतं का.

हे डोक्यात बसल्यापासून मी दुसऱ्या ठिकाणीसुद्धा तेच बघायला लागले. वेळास घ्या, मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या भाऊ काटदरेंना तिथं कासवांच्या अंड्यांची टरफलं सापडली, तेव्हा अंडी सर्रास उकरून नेली जायची. त्यांनी गावाला हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला, आणि लोक उतरायचे ते गावातल्या घरांमध्येच. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरट्यावरची टोपली उघडायची, पिल्लं निघाली असली तर पाण्याकडं सोडायची, नसली तर नाही. तिथं मी एका बाईंना कार्यकर्त्याशी भांडताना ऐकलंय, आम्ही मुंबईहून आलोय, एक तरी दाखवा! तो बिचारा शांतपणे म्हणाला मॅडम, पिल्लू सांगून येत नाही. हे असं म्हणता यायला मागं गाव लागतं. घरमालकीणबाई दुपारी उकडीचे मोदक वाढून त्याच बाईंना म्हणाल्या, उद्या सकाळी बघा हो, आज राहा. बाई राहिल्या.

ताडोबाला मामला वेगळा. तिथं पैसा खरोखर मोठा आहे, मोहर्ली, कोलारा गेटवरच्या कितीतरी घरांची चूल गाईडच्या नाहीतर जिप्सीच्या पैशावर चालते, बायका गाईड आहेत, गाडी चालवतात, आणि ऐटीत चालवतात. पण नळ दुसऱ्याच्या हातात. २०१२ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे आतल्या गाभ्यातलं, पर्यटन थांबवलं, ऑक्टोबरमध्ये परत परवानगी मिळाली. मधे पावसाळा होता म्हणून झळ कमी बसली, पण तेव्हाची धास्ती तिथले जुने गाईड अजून सांगतात. २०२० ला मात्र खरंच सगळं बंद, आणि ज्यांनी शेती बटाईनं देऊन जिप्सीचं कर्ज काढलं होतं त्यांचे हाल कुत्र्यानं खाल्ले नाहीत. शिवाय गेटच्या गावाला पैसा आणि गेट नसलेल्या गावाला नुसता वाघ, हा हिशोब मला कधीच पटला नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या जंगलात तेंदूची (विडीची) पानं नाहीतर मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया वाघानं मारल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. सरकारनं भरपाई २५ लाखांवर नेली, ठीक आहे. पण ताडोब्याच्या सफारीचं तिकीट त्या गावांपर्यंत पोचतच नाही, आणि सफारीवाला ज्या वाघाचा फोटो काढतो त्याची पोरं मोठी होऊन त्याच गावांच्या शेतात फिरतात.

त्याच चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव आहे, गोंडपिपरी तालुक्यात. पर्यटनाशी त्याचा काही संबंध नाही, तरी सांगते. २०१२ ला गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर गावाचा हक्क, मिळाला, ते बांबू विकायला लागले, आणि तेंदूपत्ता हातात असूनसुद्धा गावानं ठरवून बंद केला. का, तर तेंदूसाठी झाडं छाटतात, आगी लावतात, जंगलाचं नुकसान होतं. तेंदू म्हणजे रोख पैसा हो! तो नको म्हणाले, कारण बांबू होता. माझा मुद्दा तोच, नाही म्हणायला दुसरा हात भरलेला लागतो.

कागदावर अकोले तालुक्यातल्या या गावांकडंही ताकद आहे. अनुसूचित क्षेत्र आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, ग्रामसभेला बऱ्याच गोष्टींवर बोलता येतं. वनहक्क कायदा आहे. मी मामांना म्हणलं ग्रामसभेत ठराव करा ना, एका रात्रीत इतक्याच गाड्या, फोकस बंद, नऊनंतर स्पीकर बंद. म्हणले केलता. मग? "ठराव वहीत हाये, गाड्या रस्त्यावर हायेत." नाक्यावर पावती फाडली जाते, वनखात्याचे नियम दरवर्षी लागतात, रात्रीची वेळ ठरते, प्लास्टिक बंदीचा बोर्ड लागतो, पण शनिवारी रात्री एवढ्या गर्दीला दोन वनरक्षक काय करणार. आणि खरं सांगायचं तर गावातच एकमत नाही. ज्यानं जमीन भाड्यानं दिलीय तो ठरावाला हात कशाला वर करेल?

याला एक जुना उपाय याच तालुक्यातल्या पुरुषवाडीनं वापरलाय, तिथंही काजव्यांसाठी लोक जातात. पाहुणे गावाकडं येतात, घराकडं नाही, कोणाकडं जेवायचं कोणाकडं झोपायचं ते पाळीनं ठरतं, त्यामुळं रस्त्यालगतचं घर श्रीमंत आणि वरच्या वाडीतलं घर कोरडं असं होत नाही. आणि भांडणं कमी होतात (होतच नाहीत असं कोण म्हणेल, गाव आहे). पाळी असली की ठरावाच्या बाजूनं हात पण जास्त वर होतात, कारण गर्दी झाली तर नुकसान सगळ्यांचं. उजेडाचं म्हणाल तर तेही जमतं. नागपूरजवळ पेंचला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला, तिथं आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले, आकाश काळं राहावं म्हणून. ताऱ्यांसाठी जे झालं ते काजव्यांसाठी का नको? त्यात तर खर्चही फार नाही, जुन्या दिव्यांना टोप्या घातल्या तरी पुष्कळ होईल.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर काय झालं तेही इथं आठवतं. फुलं वाचवायची म्हणून गुरं बंद, जाळी ठोकली, आणि काही वर्षांनी स्थानिकच सांगायला लागले की गुरं चरत नाहीत म्हणून गवत उंच होतंय आणि फुलं दबतायत. शेवटी जाळी काढली. इथंही मला तीच भीती वाटते. मामांचा सादडा अजून उभा आहे कारण राबासाठी ते त्याच्या फांद्या बेतानं तोडतात, हिरड्याचं झाड उभं आहे कारण हिरडा विकला जातो. शेतीच सुटली आणि सगळे वेटर झाले तर झाडाशी संबंध उरतो कुणाचा.

आता बापलेकांचं. पोराला चार रूम बांधायच्यात. अटॅच बाथरूम, गिझर, वर पत्रा, पुढं कट्टा. बँकेत विचारून आलाय, कागद आणलेत. त्याचं म्हणणं, काजवे तीन आठवडे, पण पावसात रंध्याचा धबधबा आहे, सांदण दरीला हिवाळ्यात लोक येतात, कळसूबाईला तर बारा महिने रांग, रूम असत्या तर वर्षभर धंदा. मी फार शहाणपणानं त्याला हप्त्याचं गणित मांडून दाखवलं, हप्ता बारा महिने आणि पाहुणा फार तर चार महिने, मग तुला अठरा जणांना नाही म्हणता येईल का? तो गप्प बसला. पण मामी बसल्या नाहीत. भांडी घासता घासता आतूनच म्हणाल्या, "तुमी वर्सातून येता. रातच्याला संडासच्या रांगंत मी असती, पाव्हन्यांच्या मागं. आमी कवा म्हनायचं न्हाय, आन कुनाला?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. गेली कित्येक वर्षं त्यांच्याच ओसरीवर पाहुणे झोपतात आणि त्या चुलीपाशी पदर घेऊन पडतात, आठ माणसांची मर्यादा मामांनी ठरवली पण त्या आठांचं पाणी मामी आणतात. निदान दोन संडास-बाथरूम तर पाहिजेतच, ते काजव्यांसाठी नाही, त्यांच्यासाठी. पोरगा म्हणाला बघा, आई माझ्या बाजूनं आहे. मामी म्हणाल्या मी कुनाच्या बाजूनं न्हाय, मला मोरी पायजे.

मग रात्री जेवताना मी मामांना विचारलं, काय ठरवताय, काढू देणार का कर्ज? त्यांनी ताटातला ठेचा भाकरीवर घेतला, माळ्याकडं एक नजर टाकली, व्यापारी अजून आला नव्हता, पोती तशीच होती. म्हणले, "बघू. औंदा हिरड्याला काय भाव निगतो, त्याच्यावं हाये."